ज्युरीचे समन्स आले तर: सूट कशी मागावी, आणि ज्युरीचा हक्क सोडण्याआधी काय पाहावे

ज्युरी ड्युटीचे समन्स म्हणजे कोर्टाचा हुकूम. ते जाहिरातीच्या पत्रांबरोबर कचऱ्यात टाकले तर दंड होऊ शकतो. तरीही अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या अनेक घरांत हे पत्र आले की पहिला प्रश्न एकच असतो, "यातून सुटायचं कसं?" दुसरा प्रश्न फार कमी घरांत येतो, पण आला तर झोप उडवतो. घरातल्याच कुणावर खटला झाला तर निकाल ज्युरीकडून घ्यायचा की न्यायाधीशाकडून? पहिली बाब ज्युरीत बसण्याच्या कर्तव्याची आहे, दुसरी आरोपीच्या हक्काची. या लेखात दोन्हींची माहिती एकत्र दिली आहे. मुख्य भर अमेरिकेवर आहे आणि शेवटी इंग्लंडचे नियम आहेत.

ज्युरी म्हणजे काय आणि आपल्याकडे ती का नाही?

ज्युरी म्हणजे सामान्य नागरिकांतून निवडलेले लोक. ते पुरावा ऐकतात आणि आरोपी दोषी आहे की नाही ते ठरवतात. कायदा कोणता लागू होतो हे न्यायाधीश सांगतात आणि शिक्षाही बहुतेक वेळा तेच ठरवतात. अमेरिकेत गंभीर फौजदारी खटल्यात साधारणपणे १२ जणांची ज्युरी असते. काही राज्यांत ती लहानही असते.

आपल्या मागच्या पिढ्यांना हा शब्द अनोळखी नव्हता. १९०८ साली 'केसरी'तील लेखांसाठी लोकमान्य टिळकांवर मुंबई हायकोर्टात राजद्रोहाचा खटला चालला. ज्युरीत ९ जण होते, ७ युरोपियन आणि २ पारशी. लेख मराठीतले, पण ज्युरीपुढे त्यांचे इंग्रजी भाषांतर ठेवले गेले. ७ विरुद्ध २ मतांनी टिळक दोषी ठरले आणि त्यांना ६ वर्षांची शिक्षा झाली. पुढे १९५९ मध्ये मुंबईतल्या नानावटी खटल्यात ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी आरोपी निर्दोष असल्याचे सांगितले. सेशन्स न्यायाधीशांना ते पटले नाही. प्रकरण हायकोर्टात गेले, तिथे शिक्षा झाली आणि १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच उरली नाही. म्हणून भारतातून गेलेल्या आजच्या पिढीला ज्युरी फक्त सिनेमातून माहीत असते.

टिळकांच्या खटल्यातून एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. ज्युरीत कोण बसले आहे, याने फरक पडतो.

समन्स कोणाला येते?

अमेरिकेत नावे मतदार यादीतून काढली जातात. अनेक राज्ये ड्रायव्हिंग लायसन्सची आणि इतर सरकारी यादीही वापरतात. म्हणून ग्रीन कार्डवर किंवा वर्क व्हिसावर असलेल्यांनाही पत्र येते. पत्र आले म्हणजे तुम्ही पात्र झालात असे नाही.

केंद्रीय कोर्टाच्या ज्युरीसाठी अटी अशा आहेत:

- अमेरिकेचे नागरिकत्व
- वय किमान १८ वर्षे
- त्या न्यायालयीन जिल्ह्यात किमान १ वर्ष वास्तव्य
- फॉर्म भरण्याइतके आणि कामकाज समजण्याइतके इंग्रजी
- गंभीर गुन्ह्याची शिक्षा झालेली नसणे (नागरी हक्क परत मिळाले असतील तर चालते) आणि तसा खटला प्रलंबित नसणे

राज्यांच्या कोर्टांच्या अटी साधारण अशाच आहेत, तपशील वेगळा असतो.

ग्रीन कार्डवाल्यांनी इथे थांबून वाचावे. तुम्ही नागरिक नसाल तर ज्युरीत बसू शकत नाही, पण फॉर्मला उत्तर द्यावेच लागते. "आपण अमेरिकेचे नागरिक आहात का?" या प्रश्नापुढे "नाही" अशी खूण करा, मागितला असेल तर पुरावा जोडा, फॉर्म परत पाठवा आणि त्याची प्रत घरी ठेवा. घाईत किंवा दुसऱ्याच्या सांगण्यावरून "होय" वर खूण करू नका. नागरिकत्वाचा खोटा दावा इमिग्रेशन कायद्यात फार गंभीर मानला जातो. त्याने पुढचे नागरिकत्व अडकू शकते आणि देश सोडण्याचीही वेळ येऊ शकते. घरातले वडीलधारे इंग्रजी नीट वाचत नसतील तर मुलांनी त्यांचा फॉर्म शेजारी बसून भरावा. सही करण्याआधी प्रत्येक प्रश्न त्यांना मराठीत किंवा उर्दूत समजावून सांगावा.

याच्या उलट, नागरिक असून सुटका व्हावी म्हणून "नागरिक नाही" असे लिहिणे हेही कोर्टापुढे खोटे बोलणेच आहे. तुमचे नाव मतदार यादीत असेल तर हे दोन कागद एकमेकांविरुद्ध उभे राहतात.

सूट कोणत्या कारणांनी मिळते?

इथे तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिली, अपात्रता. वरच्या अटींत न बसणारा माणूस. त्याने फक्त खरी माहिती कळवायची.

दुसरी, सूट. माणूस पात्र आहे, पण कारण खरे आहे. केंद्रीय कोर्टात लष्करात सक्रिय सेवेत असलेले, पोलीस, अग्निशमन दलाचे पगारी कर्मचारी आणि पूर्णवेळ सरकारी पदाधिकारी ज्युरीतून वगळलेले असतात. ७० वर्षांवरील लोकांना मागितल्यास सूट देण्याची सोय बहुतेक केंद्रीय कोर्टांत आहे. न्यू जर्सी राज्याच्या कोर्टात हेच वय ७५ आहे. तिथे गंभीर आजारपण, मोठी आर्थिक ओढाताण, किंवा ज्यांची काळजी घ्यायला दुसरे कुणी नाही असे लहान मूल किंवा आजारी माणूस घरात असणे, ही कारणेही ऐकून घेतली जातात. न्यूयॉर्क राज्याने मात्र १९९६ पासून व्यवसायावरून आपोआप मिळणारी सूट बंद केली. डॉक्टर असो, वकील असो की इमाम, सगळ्यांना समन्स येऊ शकते.

तिसरी, तारीख पुढे ढकलणे. आपल्या बहुतेक अडचणींवर हाच उपाय पुरेसा असतो. मुलाची परीक्षा, बाळंतपण, हजची ठरलेली तारीख, भारतातले लग्न, रमजानचे शेवटचे दहा दिवस, ईद. पहिल्यांदा मागितलेली नवी तारीख कोर्टे सहसा देतात. फक्त विनंती वेळेत, लेखी आणि पुराव्यासह हवी. डॉक्टरांचे पत्र, विमानाचे तिकीट, कॉलेजचे वेळापत्रक, जे असेल ते जोडावे.

"माझं दुकान आहे, मला वेळ नाही" एवढ्यावर भागत नाही. एकट्याच्या दुकानावर घर चालत असेल तर तसे आकड्यांसह लिहा, त्याचा विचार होतो.

नोकरीची भीती अनेकांना असते. केंद्रीय ज्युरी सेवेसाठी गैरहजर राहिल्याबद्दल मालक नोकरावरून काढू शकत नाही किंवा धमकावू शकत नाही. तसे केल्यास मालकाला प्रत्येक वेळी ५,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. राज्यांचेही असे कायदे आहेत. पगाराची गोष्ट वेगळी. त्या दिवसांचा पगार द्यायलाच हवा असा केंद्रीय कायदा खासगी मालकांवर नाही, म्हणून कंपनीचा नियम आधी विचारून घ्या. केंद्रीय कोर्ट दिवसाला ५० डॉलर देते. राज्यांत ही रक्कम बरीच कमी असू शकते.

काहीच न कळवता गैरहजर राहिलात तर? केंद्रीय कोर्टात १,००० डॉलरपर्यंत दंड, ३ दिवसांपर्यंत कैद, समाजसेवेचा हुकूम, किंवा यातले एकाहून अधिक होऊ शकते. व्यवहारात कोर्ट आधी पुन्हा पत्र पाठवते. ते दुसरे पत्र तरी चुकवू नये.

नमाज, रोजा, हिजाब आणि शपथ

ज्युरीत बसण्यासाठी धर्म बाजूला ठेवावा लागत नाही. शपथेऐवजी गंभीरपणे सत्यप्रतिज्ञा करण्याचा पर्याय असतो. जोहरची वेळ बहुधा जेवणाच्या सुट्टीत येते. जुम्यासाठी किंवा इफ्तारच्या वेळेसाठी सवलत हवी असेल तर ज्युरी ऑफिसरला पहिल्याच दिवशी सांगावे. खटला सुरू झाल्यावर मध्येच उठून जाता येत नाही. दारावरच्या सुरक्षा तपासणीत हिजाबमुळे अडचण आली तर महिला कर्मचाऱ्याकडून तपासणी करण्याची विनंती करा.

"दुसऱ्याचा निवाडा करणे मला धर्माने जमत नाही" असे काही जण सांगतात. तसा प्रामाणिक विश्वास असेल तर न्यायाधीशाला सांगावा, ते प्रश्न विचारून ठरवतात. पण खटला टाळायचा म्हणून दीनचे नाव पुढे करू नये. अदल, म्हणजे न्याय, आणि खरी साक्ष यांचे महत्त्व आपण जुम्याच्या बयानात ऐकतच असतो.

निवडीच्या वेळी काय होते?

कोर्टात बोलावलेल्या सगळ्यांनाच बसवत नाहीत. न्यायाधीश आणि वकील प्रश्न विचारतात. नातेवाईक पोलिसात आहेत का, या प्रकाराबद्दल मनात काही ग्रह आहे का, वगैरे. खरे उत्तर द्यायचे. पक्षपाताचे कारण दिसले तर न्यायाधीश नाव वगळतात. याशिवाय दोन्ही बाजूंना ठरावीक संख्येने नावे कारण न सांगता वगळता येतात. केंद्रीय कोर्टातील गंभीर गुन्ह्यात, मृत्युदंडाचे प्रकरण नसेल तर, आरोपीला अशी १० आणि सरकारला ६ नावे वगळता येतात.

मात्र या हक्काला मर्यादा आहे. १९८६ च्या बॅट्सन निकालात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने वंशावरून नाव वगळण्यास मनाई केली. १९९४ मध्ये स्त्री-पुरुष भेदालाही तोच नियम लागू झाला. धर्माबाबत न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाचा २००४ चा फुलर निकाल आपल्या लोकांनी माहीत करून घ्यावा. त्या खटल्यात सरकारी वकिलाने दोन जणांना वगळले होते. एक ख्रिश्चन मिशनरी होता, दुसरा पोशाखावरून मुसलमान वाटत होता. धर्म उघडपणे पाळणारे लोक आरोपीकडे झुकतात, असे कारण दिले गेले. राज्याच्या घटनेनुसार हे चालणार नाही, असे कोर्टाने सांगितले.

विचार करा, टोपी घातलेल्या माणसाला ज्युरीतून काढू नये म्हणून राज्याचे सर्वोच्च कोर्ट उभे राहते, आणि आपण स्वतःच खोटे कारण देऊन ती खुर्ची रिकामी करतो. मग आपल्या मुलावर आरोप झाला तेव्हा "ज्युरीत आपलं कुणीच नव्हतं" अशी तक्रार कोणत्या तोंडाने करणार?

खटला आपल्यावर असेल तर: ज्युरीचा हक्क सोडणे

आता दुसरी बाजू. ६ महिन्यांहून जास्त कैद होऊ शकेल अशा गुन्ह्यात आरोपीला ज्युरीचा हक्क आहे. १९६८ पासून तो राज्यांच्या कोर्टांनाही बंधनकारक आहे. आरोपी हा हक्क सोडून एकट्या न्यायाधीशापुढे खटला चालवण्याची मागणी करू शकतो. याला बेंच ट्रायल म्हणतात.

१९३० मध्ये पॅटन खटल्यात हा प्रश्न सुप्रीम कोर्टात आला. १२ पैकी एक ज्युरी सदस्य आजारी पडला, दोन्ही बाजूंनी ११ जणांवर खटला पुढे नेण्यास संमती दिली आणि आरोपी दोषी ठरले. समजून-उमजून दिलेली अशी संमती वैध आहे, असा निकाल लागला. १९६५ च्या सिंगर खटल्यात उलटा प्रश्न होता. आरोपीला ज्युरी नको होती, पण सरकारी वकील तयार नव्हते. न्यायाधीशच हवा असा एकतर्फी हक्क घटनेने दिलेला नाही, असे कोर्टाने सांगितले.

म्हणून केंद्रीय कोर्टात तीन गोष्टी लागतात. आरोपीची लेखी संमती, सरकारी वकिलांची संमती आणि न्यायाधीशाची मंजुरी. राज्यांचे नियम वेगळे आहेत. कॅलिफोर्नियात दोन्ही बाजूंची संमती लागते. न्यूयॉर्कमध्ये आरोपीला उघड कोर्टात लेखी संमतीवर सही करावी लागते आणि पहिल्या दर्जाच्या खुनाच्या आरोपात ही मुभाच नाही.

मग कोणते बरे? वकील साधारण असा विचार करतात:

- वाद कायद्याच्या बारीक मुद्द्यावर असेल, किंवा हिशेबाची कागदपत्रे किचकट असतील, तर न्यायाधीश बरा.
- बातम्यांतून प्रकरण गाजले असेल आणि लोकांची मने आधीच तापली असतील, तरीही हा पर्याय पाहिला जातो.
- साक्षीदारांच्या खरेखोटेपणावर सगळे अवलंबून असेल तर ज्युरीचा फायदा मोठा. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरवायला सगळ्यांचे एकमत लागते. २०२० च्या रामोस निकालानंतर हे सगळ्या राज्यांत बंधनकारक आहे. एकाच्याही मनात रास्त शंका टिकली तर दोषी ठरवता येत नाही. मात्र एकमत झाले नाही तर खटला पुन्हा चालू शकतो.
- न्यायाधीशापुढे पटवायचे असते एकालाच, आणि दोषी ठरवायलाही तो एकच पुरेसा असतो.

आपल्या लोकांची भीती वेगळी असते. "नाव मुसलमान, १२ अनोळखी लोक, न्याय कसा मिळेल?" ही भीती खोटी नाही, पण तिच्यावरच निर्णय घेऊ नका. ज्युरी निवडताना मुस्लिमांविषयीच्या पूर्वग्रहाबद्दल प्रश्न विचारण्याची मागणी करा, असे वकिलाला स्पष्ट सांगा. २०१७ च्या पेन्या-रॉड्रिग्ज निकालानुसार, वंशद्वेषावरूनच आपण दोषी ठरवले असे एखाद्या ज्युरी सदस्याने उघड बोलून दाखवले असेल, तर बंद खोलीतल्या त्या चर्चेचीही नंतर चौकशी होऊ शकते.

हक्क सोडण्याआधी न्यायाधीश आरोपीला स्वतः प्रश्न विचारतात. ज्युरी म्हणजे काय ते कळले का, कुणी दबाव आणला का. इंग्रजी कच्चे असेल तर दुभाषी मागा. मान डोलावून "येस, येस" म्हणू नका. एकदा सोडलेला हक्क परत मिळवणे अवघड असते.

गुन्हा कबूल करणे म्हणजेही ज्युरी सोडणे

अमेरिकेत बहुतेक फौजदारी प्रकरणे खटल्यापर्यंत जातच नाहीत. सरकारी वकिलाशी तडजोड होते, आरोपी कमी आरोप कबूल करतो आणि प्रकरण संपते. त्या कबुलीबरोबर ज्युरीचा हक्कही जातो.

"जेल नाही, फक्त प्रोबेशन आहे, सही कर" असे ऐकून ग्रीन कार्डवाला मुलगा सही करतो, आणि काही वर्षांनी इमिग्रेशन खात्याची नोटीस येते. २०१० च्या पडिल्ला निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितले की कबुलीमुळे देशाबाहेर जाण्याचा धोका असेल तर आरोपीच्या वकिलाने तो सांगितलाच पाहिजे. तरीही हा प्रश्न तुम्ही स्वतः विचारा. गरज पडली तर इमिग्रेशन वकिलाचा वेगळा सल्ला घ्या. फौजदारी वकील आणि इमिग्रेशन वकील ही वेगवेगळी कामे आहेत.

दिवाणी दाव्यात हक्क नकळत जातो

केंद्रीय कोर्टातल्या दिवाणी दाव्यात ज्युरी हवी असेल तर ती लेखी मागावी लागते. दाव्यातील शेवटचे संबंधित निवेदन बजावल्यापासून १४ दिवसांत मागणी केली नाही तर हक्क सोडला असे धरतात. अपघात, नोकरीतला भेदभाव, पोलिसांविरुद्धचा दावा, अशा प्रकरणांत ही मुदत महत्त्वाची असते.

दुसरी जागा म्हणजे करार. घरभाड्याचा, कर्जाचा, नोकरीचा कागद वाचताना "ज्युरीचा हक्क सोडत आहे" किंवा "वाद लवादाकडे जाईल" अशी ओळ शोधा. काही राज्ये वादाआधीच घेतलेली अशी सही मान्य करत नाहीत, पण अनेक ठिकाणी ती चालते.

इंग्लंडमध्ये काय वेगळे आहे?

रत्नागिरी-रायगडकडची अनेक कुटुंबे इंग्लंडमध्ये आहेत. त्यांनी अमेरिकेचा नियम तिथे लावू नये. इंग्लंड आणि वेल्समध्ये ज्युरीसाठी ब्रिटिश नागरिकत्व लागत नाही. मतदार यादीत नाव, १८ ते ७५ वय आणि १३ व्या वर्षानंतर किमान ५ वर्षे तिथे वास्तव्य, एवढे पुरे. कॉमनवेल्थ देशाचे नागरिक म्हणून भारतीय पासपोर्टवाले तिथे मतदार होऊ शकतात. म्हणजे भारतीय पासपोर्ट असूनही समन्स येऊ शकते आणि जावेही लागते.

पत्राला ७ दिवसांत उत्तर द्यायचे असते. टाळल्यास १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. सेवा बहुधा १० कामाच्या दिवसांची असते. पूर्ण सूट क्वचित मिळते, तारीख साधारणपणे एकदाच आणि १२ महिन्यांच्या आत पुढे नेता येते. शपथ कुरआनवर घेता येते किंवा सत्यप्रतिज्ञा करता येते. खटल्याविषयी इंटरनेटवर शोधणे आणि ज्युरीच्या खोलीतली चर्चा बाहेर सांगणे, दोन्ही गुन्हे आहेत. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही नाही.

आरोपीसाठी नियम असा की क्राउन कोर्टात "ज्युरी नको, न्यायाधीश द्या" अशी निवड अमेरिकेसारखी करता येत नाही. चोरीसारख्या मधल्या दर्जाच्या गुन्ह्यात मॅजिस्ट्रेटने प्रकरण स्वतःकडे ठेवायची तयारी दाखवली, तर तिथे चालवायचे की क्राउन कोर्टात ज्युरीपुढे जायचे, हे आरोपी सांगू शकतो. स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत, तिथे फौजदारी ज्युरी १५ जणांची असते.

खोट्या फोनपासून सावध

"तुम्ही ज्युरी ड्युटी चुकवली, वॉरंट निघाले आहे, आत्ता गिफ्ट कार्डने पैसे भरा." असे फोन अमेरिकेत सर्रास येतात आणि वयस्क लोक घाबरून पैसे देतात. कोर्ट फोनवर दंड वसूल करत नाही, गिफ्ट कार्ड तर कधीच मागत नाही. फोन ठेवा आणि कोर्टाच्या अधिकृत नंबरवर स्वतः विचारा. घरातल्या अम्मी-अब्बांना हे आजच सांगून ठेवा.

थोडक्यात

पत्र उघडा, मुदत पाहा, खरी माहिती लिहा, प्रत ठेवा. अडचण असेल तर आधी तारीख मागा, सूट नंतर. ज्युरीचा हक्क सोडायचा असेल, खटल्यात, कबुलीत किंवा करारात, तर वकिलाला विचारल्याशिवाय सही करू नका. प्रत्येक राज्याचा नियम वेगळा असल्याने शेवटचा शब्द स्थानिक वकिलाचा.

अमेरिकन नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी ज्यांनी केली आहे त्यांना एक प्रश्न आठवत असेल: फक्त नागरिकांवरच असलेली एक जबाबदारी सांगा. त्याचे एक उत्तर मतदान आहे, दुसरे ज्युरी सेवा. मतदानासाठी आपण मशिदीतून आवाहन करतो, गाड्या काढतो. ज्युरीच्या समन्सबद्दलही तेवढेच बोलले पाहिजे.